याद्या करणारा कार्यकर्ता : विली वेलास्केझ आणि टेक्सासमधली मताची लढाई

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९६० च्या दशकापर्यंत मतदान करायचे तर आधी कर भरावा लागे. राज्याचा दीड डॉलर आणि काउंटीचा पाव डॉलर, मिळून पावणेदोन डॉलर. भरण्याची मुदत ३१ जानेवारी, म्हणजे निवडणुकीला कोण उभे राहणार हे कळायच्याही आधी. रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यात खरबुजे तोडणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या मजुरांपैकी अनेकांना तेव्हा तासाला एक डॉलरही मिळत नव्हता. काहींना तर त्याच्या निम्मेही नाही. हा कर कोणाला मतपेटीपासून लांब ठेवण्यासाठी होता, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याशी आपली ओळख जुनी आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावे आपण शिबिरांतून, व्याख्यानांतून ऐकत मोठे झालो. पण त्याच देशात, त्याच वर्षांत लॅटिनो समाजानेही लढा दिला. लॅटिनो म्हणजे मेक्सिको, प्वेर्तो रिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या देशांशी नाळ असलेले लोक. त्यांच्या लढ्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. त्यातही विली वेलास्केझ हे नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेले नसेल. त्यांचे काम छायाचित्रात मावणारे नव्हते, हे त्याचे एक कारण असावे. मोर्चाचा फोटो निघतो. मतदार यादी तपासत बसलेल्या माणसाचा कोण काढणार?

विल्यम कार्देनास वेलास्केझ यांचा जन्म ९ मे १९४४ चा, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचा. वडील सैन्यात होते आणि त्यांची नेमणूक तेव्हा तिथे होती. कुटुंब मात्र टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे, आणि विली वाढले तेही तिथेच. वडील मांस कापण्याच्या कारखान्यात कामाला होते, कामगार संघटनेत सक्रिय होते. घरात युनियनचे बोलणे रोजचे. मुलगा कॅथलिक शाळेत शिकला आणि पुढे शहरातल्याच सेंट मेरीज विद्यापीठात गेला.

टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. म्हणजे तिथल्या मेक्सिकन कुटुंबांपैकी कित्येक कुठून आलेली नव्हतीच. ती होती तिथेच राहिली आणि त्यांच्या डोक्यावरचे सरकार बदलले. पुढे सीमेपलीकडून मजूर येत राहिले तसा हा समाज वाढला. सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात, वेस्ट साइडला, त्यांची दाट वस्ती होती. कच्चे रस्ते, पावसाचे पाणी वाहून न्यायला गटारे नाहीत, जोराचा पाऊस झाला की पाणी थेट घरात. शाळांची अवस्था अशी की १९६८ मध्ये एजवूड भागातल्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून मोर्चा काढला. शाळांना मिळणाऱ्या निधीतल्या विषमतेविरुद्ध पालकांनी लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ मध्ये पालक हरले. लोकसंख्या मोठी, शहराचे कष्टाचे काम सगळे त्यांच्या हातून होणारे. पण शहराचा कारभार ठरवणाऱ्या टेबलाभोवती त्यांची माणसे जवळजवळ नाहीत.

विली अर्थशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत असताना, १९६६ च्या जूनमध्ये, दक्षिण टेक्सासच्या स्टार काउंटीत खरबुजाच्या मळ्यांवर शेतमजुरांचा संप सुरू झाला. मागणी साधी होती: तासाला सव्वा डॉलर. विली अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून संपाच्या कामात गेले. अन्नधान्य गोळा करायचे, लोकांना बहिष्काराचे महत्त्व पटवायचे, असे काम. त्या उन्हाळ्यात मजूर रिओ ग्रँड खोऱ्यातून राजधानी ऑस्टिनकडे पायी निघाले. टेक्सासच्या उन्हात शेकडो मैल चालत सप्टेंबरच्या कामगार दिनी ते तिथे पोहोचले. वाटेत न्यू ब्राऊनफेल्सजवळ गव्हर्नर जॉन कोनली स्वतः गाडीतून येऊन त्यांना भेटले. किमान वेतनासाठी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावणार नाही आणि ऑस्टिनमध्ये तुम्हाला भेटायलाही थांबणार नाही, एवढे सांगून निघून गेले. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्स या राज्य पोलीस दलाने संपकऱ्यांना झोडपले, अटका केल्या. संप मोडला.

आम्हाला वाटते, विलींच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा उगम त्या रस्त्यावरच्या भेटीत शोधता येतो. एवढे लोक एवढे चालले, आणि गव्हर्नरला त्यांची भीती वाटली नाही. का वाटावी? त्यांच्यातल्या बहुतेकांचे नाव मतदार यादीत नव्हते.

पण लगेच ते तिकडे वळले असे नाही. १९६७ मध्ये सॅन अँटोनियोतल्या पाच तरुणांनी मेक्सिकन अमेरिकन यूथ ऑर्गनायझेशन, म्हणजे मायो, ही संघटना काढली. होसे आंखेल गुतिएरेझ, मारिओ कोम्पेआन, इग्नासिओ पेरेझ, हुआन पात्लान आणि विली. आधीच्या पिढीच्या संघटना, १९२९ ची लुलॅक आणि १९४८ ची जीआय फोरम, अर्ज-विनंत्या आणि न्यायालय या मार्गाने चालत. मायोची पोरे तापलेली होती. शाळांत संप, रस्त्यावर निदर्शने, गोऱ्या सत्तेला थेट आव्हान. (पाचही संस्थापक पुरुष, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. शाळांच्या संपात मुली पुढे होत्या. नेतृत्वाच्या फोटोत त्या नाहीत. हे चित्र आपल्याला ओळखीचे आहे.) याच काळात विलींनी मेक्सिकन अमेरिकन युनिटी कौन्सिल ही वस्तीविकासाची संस्था उभी केली. तिला फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळत होता.

१९६९ मध्ये दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्हींनी विलींची दिशा ठरवली.

पहिली गोष्ट निवडणुकीची. त्या काळी सॅन अँटोनियोच्या नगर परिषदेत वॉर्डच नव्हते. सगळ्या जागांसाठी सगळे शहर मतदान करी. गोऱ्या व्यापारी वर्गाची गुड गव्हर्नमेंट लीग नावाची आघाडी १९५५ पासून उमेदवारांची यादी ठरवी, त्यात नावाला एक-दोन मेक्सिकन चेहरे घाली आणि निवडून आणी. १९६९ मध्ये मायोच्या तरुणांनी वस्ती सुधार समितीच्या नावाने उमेदवार दिले. कोम्पेआन महापौरपदाला उभे राहिले. वेस्ट साइडच्या केंद्रांवर या तरुणांना भरघोस मते पडली आणि शहरभरच्या मोजणीत ते पडले. १९७१ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. त्या वेळच्या उमेदवारांत तेवीस-चोवीस वर्षांच्या रोझी कॅस्ट्रो होत्या. त्याही पडल्या. (पुढे २००९ मध्ये त्यांचा मुलगा हुलियान याच शहराचा महापौर झाला.) आपल्या वस्तीने निवडलेला माणूस आपल्या वस्तीचा प्रतिनिधी होत नाही, कारण त्याला पाडायला बाकीचे शहर मोकळे असते. आपल्याकडच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभागात, खुल्या जागेवर वस्तीतला उमेदवार उभा करून पाहिलेल्या कार्यकर्त्यांना ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. गुतिएरेझ यांनी एका पत्रकार परिषदेत गोऱ्यांविषयी अतिशय आक्रमक विधान केले. सॅन अँटोनियोचे खासदार हेन्री बी. गोन्झालेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे, टेक्सासमधून काँग्रेसमध्ये गेलेले त्या समाजाचे पहिले प्रतिनिधी. त्यांनी संसदेत उभे राहून मायोवर आणि तिला पोसणाऱ्या फोर्ड फाउंडेशनवर टीकेची झोड उठवली. विली तरुणपणी ज्या माणसाकडे आदर्श म्हणून पाहत, तोच आता समोर उभा होता. त्याच वर्षी देशाच्या कर कायद्यात दुरुस्ती झाली आणि मतदार नोंदणीला देणगी देणाऱ्या फाउंडेशनांवर बंधने आली. नोंदणी करणारी संस्था पक्षनिरपेक्ष हवी, किमान पाच राज्यांत काम करणारी हवी, एकाच निवडणुकीपुरती नको, आणि तिचा पैसा एकाच दात्याकडून ठरावीक वाट्याहून जास्त येता कामा नये. कायदा करणाऱ्यांच्या मनात असे काम आवळून टाकणे होते. विलींनी तीच अट आराखडा म्हणून वापरली: पाच राज्ये हवीत ना, मग पाच राज्यांत करू.

दरम्यान मायोतल्या मित्रांशी त्यांचे फाटले. गुतिएरेझ आपल्या गावी, क्रिस्टल सिटीला गेले. १९६९ च्या डिसेंबरात तिथल्या शाळेत मोठा संप झाला आणि १९७० मध्ये ला रासा उनिदा या नव्या पक्षाच्या बळावर शाळा मंडळ आणि नगर परिषद त्यांनी जिंकली. जिथे मेक्सिकन लोक बहुसंख्य असूनही पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिले होते, तिथे हे घडले. सगळीकडे उत्साह होता. विलींना मात्र वेगळा पक्ष काढणे पटले नाही. क्रिस्टल सिटीत जे जमले ते राज्यभर जमणार नाही, कारण राज्यभर आपले लोक यादीतच नाहीत, असा त्यांचा हिशोब होता. मित्रांनी त्यांना नेमस्त ठरवले. १९७२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रासा उनिदाच्या उमेदवाराला सुमारे सहा टक्के मते मिळाली आणि १९७८ नंतर पक्ष जवळपास संपला. विलींचा हिशोब बरोबर निघाला, असे म्हणता येईल. पण आमच्या मते अर्धेच. क्रिस्टल सिटीच्या विजयाने हजारो तरुणांच्या मनातली भीती गेली होती, आणि विलींना पुढे गावोगाव जे कार्यकर्ते भेटले त्यांतले कितीतरी या तापलेल्या वर्षांतच तयार झाले होते. एकाने जमीन नांगरली, दुसऱ्याने पेरली. दोघांनी एकमेकांचे श्रेय मान्य केले असते तर बरे झाले असते.

नोंदणी प्रकल्पाची कल्पना ७० च्या सुरुवातीपासून त्यांच्या डोक्यात होती. नमुना त्यांना काळ्यांच्या चळवळीत सापडला. अटलांटातून व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट चाले. सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या लाठीने डोके फुटलेले जॉन लुईस तेव्हा त्याचे प्रमुख होते. दक्षिणेतल्या काळ्या मतदारांची नोंदणी हे त्यांचे काम. तसेच काम नैर्ऋत्येत लॅटिनोंसाठी करायचे विलींनी ठरवले. आयकर खात्याने करमाफीची मान्यता देण्यात बराच काळ घालवला. शेवटी १९७४ च्या जुलैमध्ये सॅन अँटोनियोत साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट सुरू झाला. टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो हे त्याचे क्षेत्र. पैसा चर्चकडून, युनियनकडून, फाउंडेशनांकडून तुकड्या-तुकड्याने. स्पॅनिशमध्ये वोतो म्हणजे मत आणि वोस म्हणजे आवाज. या जवळच्या उच्चाराच्या दोन शब्दांवर बेतलेली, मतालाच आवाज म्हणणारी घोषणा त्यांनी घेतली आणि ती आजही त्या संस्थेशी जोडलेली आहे.

त्यांच्या पद्धतीवर थोडे थांबायला हवे, कारण खरा माणूस तिथे दिसतो.

संस्था गावात जाऊन स्वतः नोंदणी करत नसे. आधी गावातल्या लोकांनी एक समिती करायची. तीत लुलॅकवाले, जीआय फोरमवाले, चर्चमधले, युनियनचे, बायकांच्या मंडळांतले, विद्यार्थी, असे सगळे हवेत. एकमेकांचे तोंड न पाहणारेही. एका गटाची समिती असेल तर काम सुरू होणार नाही. मग समितीने आपला समन्वयक निवडायचा, आपलाही काही पैसा उभा करायचा. संस्था थोडी रक्कम, प्रशिक्षण आणि आकडे देणार. कोणत्या केंद्रावर किती मतदार, त्यातले आपले किती, नोंद किती जणांची, मागच्या वेळी किती आले, किती मतांनी हरलो. हे सगळे कागदावर आल्यावरच दारोदार जायचे.

आणि दारात गेल्यावर काय बोलायचे? विलींना अनुभवाने कळले होते की वंशाचा अभिमान, इतिहास, न्याय हे शब्द सभेत चालतात, दारात चालत नाहीत. तिथे विचारायचे, तुमच्या गल्लीत काय अडचण आहे? उत्तर नेहमी जवळचे येई. गटार नाही. रस्ता नाही. शाळेची बस येत नाही. रस्त्यावर दिवा नाही. मग त्या गटाराचा निर्णय कोण घेते, त्याला किती मते पडली, आणि या गल्लीत नोंद नसलेले किती जण आहेत, हे तिथल्या तिथे सांगायचे. राष्ट्राध्यक्ष कोण होणार यापेक्षा शाळा मंडळावर कोण बसणार हा प्रश्न लोकांना घराबाहेर काढतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. मोठ्या निवडणुकांवर नजर ठेवणारे नेते यामुळे वैतागत. विली गटारांवरच अडून राहिले.

हे त्यांच्या शहरात डोळ्यासमोर घडतही होते. त्यांचे जुने सहकारी एर्नेस्तो कोर्तेस यांनी त्याच १९७४ साली वेस्ट साइडच्या चर्चमधल्या सामान्य कुटुंबांना घेऊन कॉप्स ही संघटना बांधली होती. ऑगस्टच्या पुरात घरांत पाणी शिरल्यावर या बायका-पुरुषांनी नगर परिषदेत जाऊन जाब विचारला. तेव्हा कळले की त्या नाल्यांची कामे कित्येक वर्षांपूर्वीच आराखड्यात मंजूर होती, फक्त केली नव्हती. त्या नोव्हेंबरात साडेचार कोटी डॉलरहून मोठे कर्जरोखे मतदारांनी मंजूर केले आणि नाले बांधले जाऊ लागले.

मतदार नोंदणीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या पद्धतीतली मेहनत कळेल. आम्ही वस्त्यांत नमुना सहा भरून घेतो तेव्हा पहिल्या दिवशी वीस पोरे बरोबर असतात, तिसऱ्या रविवारी चार उरतात. भाड्याच्या खोलीचा पत्त्याचा पुरावा नसतो, लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत अडकलेले असते, आणि घरातला म्हातारा विचारतो की नाव घालून काय होणार. या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. विलींची माणसे त्याला आकड्याने उत्तर देत.

१९७५ मध्ये त्यांना मोठे हत्यार मिळाले. काळ्यांच्या लढ्यातून आलेला १९६५ चा मतदान हक्क कायदा त्या वर्षी वाढवला गेला आणि भाषिक अल्पसंख्याकांना त्याचे संरक्षण मिळाले. टेक्सासलाही त्याच्या कक्षेत आणण्यासाठी ह्यूस्टनच्या काळ्या खासदार बार्बरा जॉर्डन यांनी जोर लावला. आता तिथल्या मतपत्रिका स्पॅनिशमध्येही छापाव्या लागणार होत्या, आणि निवडणुकीचा कोणताही नियम बदलायचा तर केंद्राची आधी परवानगी लागणार होती. काळ्यांनी रक्त सांडून मिळवलेला कायदा एका काळ्या स्त्रीने लॅटिनोंच्या हाती दिला. आपल्याकडे एका जातीचा प्रश्न दुसऱ्या जातीने उचलण्याची उदाहरणे शोधावी लागतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तरीही एक गोष्ट अडत होती. नोंदणी वाढली, लोक मतदानाला आले, आणि काही गावांत तरीही हरले. विलींनी नकाशे मागवले. टेक्सासमध्ये काउंटीचा कारभार चार आयुक्त आणि एक काउंटी न्यायाधीश चालवतात. चार आयुक्तांचे चार विभाग. हे विभाग कसे आखत त्याचा नमुना मिडलंड काउंटीत आधीच उघड झाला होता: एका विभागात ६७ हजारांहून जास्त लोक आणि उरलेल्या तिन्हींत प्रत्येकी हजारापेक्षा कमी. शहरातल्या गर्दीला एक आयुक्त, मोजक्या शेतमालकांना तीन. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले होते, पण निकाल मिडलंडपुरताच असल्यासारखे बाकीच्या काउंट्या गप्प होत्या. विलींच्या संशोधकांनी जनगणनेचे आकडे घेऊन एकेक काउंटी तपासली. कुठे मेक्सिकन वस्तीचे चार तुकडे करून प्रत्येक विभागात थोडे थोडे वाटलेले, म्हणजे कुठेच बहुमत नको. कुठे सगळ्यांना एकाच विभागात कोंबलेले, म्हणजे एकच जागा द्यायची. माल्डेफ या समाजाच्या कायदा संस्थेबरोबर त्यांनी डझनावारी खटले दाखल केले. अनेक काउंट्यांनी निकालाची वाट न पाहता विभाग नव्याने आखले.

साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी साक्ष देणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. मताधिकार आणि प्रतिनिधित्व यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. मतदारसंघ कसा आहे यावर मताची किंमत ठरते. दोन देश, मध्ये अर्धे शतक, आणि अडचण तीच.

सॅन अँटोनियोत हा प्रश्न १९७६-७७ मध्ये सुटला. शहराने बाजूचे गोरे भाग आपल्यात सामील करून घेतले होते आणि त्यामुळे मेक्सिकन मतांचे वजन घटले, असा आक्षेप केंद्रीय न्याय खात्याने नव्या कायद्याच्या आधारे घेतला. शहराला वॉर्ड करावे लागले. जानेवारी १९७७ च्या सार्वमतात दहा वॉर्ड आणि शहरभरातून एक महापौर ही पद्धत अगदी थोड्या मतांनी मंजूर झाली. त्या वर्षीच्या परिषदेत अकरांपैकी पाच मेक्सिकन अमेरिकन आणि एक काळा सदस्य निवडून आला. १९८१ मध्ये वेस्ट साइडचे हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. त्याआधीचा मेक्सिकन वंशाचा महापौर हुआन सेगीन, १८४२ चा.

विलींवर टीकाही झाली आणि तिच्यातली काही योग्य होती. पक्षनिरपेक्ष राहून नोंदवलेली मते बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षालाच गेली आणि पक्षाने ती गृहीत धरली. निवडून आलेला प्रत्येक लॅटिनो वस्तीचा राहिला असेही नाही. काही जण दुसऱ्याच निवडणुकीत बिल्डरांच्या मांडवात दिसू लागले. माणूस आत पाठवला की तो कोणाचा होतो, या प्रश्नाचे उत्तर नोंदणी संस्थेकडे नव्हते. विलींना ते दिसत नव्हते असे वाटत नाही. ८० च्या दशकात त्यांनी संशोधनासाठी वेगळी संस्था काढली, लॅटिनो मतदाराचे म्हणणे मोजायला सुरुवात केली, मध्य अमेरिकेतल्या अमेरिकी युद्धनीतीकडे समाजाचे लक्ष वळवले. पण त्यांचा मूळ हट्ट सुटला नाही: आधी यादी.

संस्था सुरू झाली तेव्हा देशभरात सुमारे २४ लाख लॅटिनो मतदार नोंदलेले होते. १९८८ पर्यंत हा आकडा जवळपास दुप्पट झाला. निवडून आलेले लॅटिनो प्रतिनिधी साधारण दीड हजारांवरून तीन हजारांच्या पुढे गेले, आणि त्यातले बहुतांश शाळा मंडळांवर, नगर परिषदांवर, काउंटीत. हे श्रेय एका संस्थेचे नाही, कायद्याचे आणि लोकसंख्येचेही आहे. पण सुमारे दोनशे शहरांत मिळून हजारभर नोंदणी मोहिमा झाल्या, त्यांत काही मूळ अमेरिकन आदिवासींच्या राखीव भागांतल्याही होत्या, आणि त्या कोणीतरी एकेक करून उभ्या केल्या.

१९८८ हे राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचे वर्ष होते. त्या वर्षी विलींना मूत्रपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. १५ जून रोजी सॅन अँटोनियोत त्यांचे निधन झाले. वय ४४. मागे पत्नी आणि तीन मुले. संस्थेचे काम त्यांचे संशोधन सहकारी अँड्र्यू हर्नांडेझ यांनी हाती घेतले. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर दिला.

२५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातले ते कलम निकामी केले, ज्यामुळे टेक्साससारख्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी परवानगी घ्यावी लागत होती. त्यानंतर काही तासांतच टेक्सासने मतदार ओळखपत्राचा आपला कडक कायदा लागू होत असल्याचे जाहीर केले. हा कायदा परवानगीअभावी अडकून पडला होता. त्यात बंदुकीचा परवाना ओळख म्हणून चालत होता, सरकारी विद्यापीठाचे विद्यार्थी ओळखपत्र चालत नव्हते. विलींच्या संस्थेचे कार्यकर्ते त्याही वर्षी सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइडला अर्ज घेऊन फिरत होते.